एका बोटानं वर जाणारा दिवा

३ मार्च, मंगळवार

मला न विचारता! माझ्या घरातली माशांची टाकी, माझ्या नवऱ्यानं अकरा वर्षं जिवापाड सांभाळलेली, आणि भावजी परस्पर शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याला सांगून मोकळे — एकतीस तारखेला येऊन घेऊन जा! मासे, खडक, प्रवाळ, काच, सगळं. मला कळलं कसं, तर मासेवाल्यानंच फोन केला, 'ताई, गाडी जिन्यापर्यंत येते का तुमच्याकडे?' तळपायाची आग मस्तकात गेली.

लगेच भावजींना फोन. 'वहिनी, दादाच्या भल्यासाठीच ना. समोर दिसते आणि काही करता येत नाही. त्रासच होतो त्याला.' दादाच्या भल्याचा मक्ता ह्यांना कुणी दिला? मी म्हणाले, एकतीसपर्यंत वेळ आहे ना, तोवर दादालाच स्वतः टाकीत हात घालताना दाखवते तुम्हाला. म्हणाले खरी. कसं, ते मलाही माहीत नव्हतं.

आणि हा माझा नवरा! ह्याला सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून, 'बघा तुम्ही काय ते.' जानेवारीपासून एवढं एकच वाक्य शिकलाय.

४ मार्च

रात्रभर भावजींशी मनातल्या मनात भांडले. सगळी भांडणं मीच जिंकले.

५ मार्च

आज त्या दिव्याकडे नीट बघितलं. शत्रूकडे बघावं तसं. तेरा किलोचं धूड. चार साखळ्यांनी छताला टांगलेलं, पाण्यापासून वीतभर वर. प्रवाळाला ऊन लागतं, बैठकीच्या खोलीत कुठलं ऊन, म्हणून हा दिवा. आणि टाकीत हात घालायचा तर दिवा वर गेला पाहिजे. म्हणजे स्टुलावर चढायचं, दोन्ही हातांनी तो उचलायचा, साखळीची वरची कडी अडकवायची — चार कोपऱ्यांना चारदा. काम झालं की पुन्हा खाली. आठवड्यातून दोनदा, अकरा वर्षं!

किती वेळा म्हणाले ह्याला, कप्प्या लावून देते, माझं कामच आहे ते. 'करू गं.' बारा जानेवारीला स्टूल सरकलं. हा खाली आला, खांदा आणि गळ्याचं हाड मोडलं, हाताची शीर दुखावली. उजवा हात अजून ताटापर्यंत धड येत नाही. दिवा मात्र तीन साखळ्यांवर मजेत लोंबकळत राहिला. त्याची काचसुद्धा तडकली नाही!

तेव्हापासून हा बैठकीतल्या पलंगावर, टाकीच्या समोर. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणते, 'हाताला वेळ लागेल. पण माणूस उठला पाहिजे. त्यांना आवडेल अशा कशात तरी घाला, नाहीतर असेच पडून राहतील.' तिनं हे जिन्यात सांगितलं, हळू आवाजात. मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

त्याला घालायचं तर ह्या टाकीतच. दुसरं काय आवडतं ह्याला? मी नाट्यगृहात एकोणीस वर्षं पडदे ओढते. दीडशे किलोचा मखमली पडदा एकटी वर नेते, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन असतं. आणि माझ्याच घरात तेरा किलोपायी नवऱ्याचा हात गेला. लाज वाटते. आणि लाज वाटली की मला रागच येतो.

ठरलं. दिवा वर-खाली होणार. खुर्चीत बसून, डाव्या हातानं, एका बोटानं.

७ मार्च

कामावरच्या सुतारदादांनी सागाच्या चार पट्ट्या दिल्या. व्यवस्थापक लगेच हजर, 'नाट्यगृहाचं सामान घरी?' म्हटलं, उरलेलं लाकूड आहे, तुमची खुर्ची नाही उचलून नेत! तोंड वाकडं करून गेला.

जुन्या पडद्याच्या जाड कापडाची पिशवी शिवली. तीत वाळू. दिव्याच्या चौकटीला दोन दोऱ्या, छताखालच्या आडव्या लाकडावर कप्प्या, तिथून दोऱ्या एकत्र होऊन भिंतीपाशी खाली, आणि टोकाला ही पिशवी. पिशवी झुलून काच फोडू नये म्हणून ती उभ्या पाइपात सोडायची. सगळं कागदावर काढून ह्याला दाखवलं. कागद डाव्या हातात धरला, परत दिला. 'चष्मा कुठेय बघ माझा.' चष्मा नाकावर होता!

८ मार्च, रविवार

दर रविवारी भावजी येतात, दिवा वर करायला. मी बुटकी, स्टुलावरूनही तेरा किलो डोक्यावर धरून कडी अडकवणं जमत नाही, म्हणून हे उपकार. आले, वर बघितलं, छताला मारलेल्या लाकडाला हात लावून हलवून बघितलं. 'वहिनी, हे काही नाटक नाही हं.'

मी म्हणाले, 'नाटकात वजन माणसांच्या डोक्यावर टांगलेलं असतं भावजी. तिथे चूक झाली तर टाळ्या पडत नाहीत.'

चहा न घेता गेले. जाताना टाकीची काच पुसून गेले तेवढी. हे त्यांचं एक वेड आहे, कुठेही गेले तरी पुसतात.

१० मार्च

बाजारातून लोखंडी कप्प्या आणल्या होत्या. चकचकीत. 'मुलामा आहे बाई, दहा वर्षं बघायला नको.' पाच तारखेला एक नुसती टांगून ठेवली होती टाकीवर. आज बघते तर लालभडक गंज! पाचच दिवस! खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, वाफ चढते, त्यापुढे मुलाम्याचं काय चालणार. त्या दुकानदाराला जाऊन कप्पी दाखवली. 'तुम्ही वापरलीच चुकीच्या जागी.' मी कप्प्या त्याच्या काउंटरवर आपटून आले. लोक बघत होते. बघू देत.

घरी येऊन माळ्यावरची बाबांची पेटी काढली. बाबाही पडदेच ओढायचे, त्याच नाट्यगृहात. पेटीत त्यांच्या पितळी कप्प्या, जुन्या, जड, आतून आरशासारख्या घासलेल्या. बोटानं फिरवली की अजून आवाज न करता फिरत राहते. बाबा म्हणायचे, पितळ गंजत नाही आणि बोलत नाही, पडद्यामागे असंच माणूस हवं. त्यांना माणूस मिळालं ते माझ्यासारखं, दिवसभर बडबडणारं! चिंच लावून चमकवल्या. बसल्या बसल्या थोडी रडलेही.

१२ मार्च

झालं! झालं! झालं!

साखळ्या सोडवल्या आणि वाळू मूठमूठ काढत, घालत बसले. आधी दिवा जड, मग पिशवी जड. शेवटी एक चमचा वाळू काढली आणि दिवा हवेत थांबला. जिथे सोडावा तिथे. एक बोट लावलं, वर. एक बोट लावलं, खाली. आवाज नाही, धक्का नाही. मी वेड्यासारखी दहा वेळा केलं. एकटीच हसत होते.

ह्याला म्हटलं, बघ! ह्यानं बघितलं. दिव्याकडे कमी, वर कप्प्यांकडे बराच वेळ. म्हटलं, बाबांच्या आहेत. 'हं,' म्हणाला. कौतुकाचा एक शब्द नाही! परीक्षकसुद्धा नापास करताना दोन शब्द बोलतात. मी विचारलं, 'आता उठशील ना?' 'बघू.'

१४ मार्च

आज खुर्चीत बसवलाच. जवळजवळ ओढून. दोरी त्याच्या डाव्या हातात दिली, म्हटलं, ओढ. त्यानं बोट लावलं मात्र, दिवा सरसर वर गेला. त्याचा चेहरा असा झाला, जशी कुणी त्याच्या कानाखाली वाजवली. म्हटलं, खांदा दुखला का? मानेनंच नाही म्हणाला. चिमूटभर खाणं टाकलं, मासे वर आले, त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि 'दमलो' म्हणून पुन्हा आडवा. दमला! एका बोटानं!

खूप राग आला. पण उठला तर होता. तेवढ्यावर आजचा दिवस काढते.

१५ मार्च, रविवार

भावजींना दिवा एका बोटानं वर करून दाखवला. दोनदा स्वतः करून बघितलं. मग म्हणाले, 'वहिनी, चांगलं केलंय.' खरं तर मनापासून म्हणाले असावेत. पण मी म्हटलं, 'मग मासेवाल्याला नाही म्हणून कळवा.' तर म्हणतात, 'दादा काय म्हणतो ते बघू आधी. तो कुठे काही म्हणतोय?' पुन्हा तेच! दादाच्या नावाखाली ह्यांना माझ्या घरात स्वतःचं मत कशाला चालवायचंय?

१६ मार्च

'आता उठशील ना?' — 'उद्या.'

१८ मार्च

टाकीतल्या गोगलगाई काचेवरून खाली पडल्यात. सात. उताण्या. सरळ केल्या तर पुन्हा पडल्या. ह्याला विचारलं तर म्हणाला, 'होतं कधी कधी.' कधी कधी? अकरा वर्षांत मी नाही बघितलं.

२० मार्च

लाल पट्ट्यांची कोळंबी मेली. ती ह्याच्या हातावर येऊन नखं साफ करायची, पाहुण्यांना दाखवायचा तो. प्रवाळ सगळं मिटलंय. हिरवी बटणं, म्हणजे बटणांएवढी फुलांसारखी प्रवाळं, बंद. ते वळ्यावळ्यांचं मोठं, ज्याला आम्ही 'मेंदू' म्हणतो, ते आक्रसून आतलं पांढरं हाड दिसायला लागलंय. घरात धड असा एकच मेंदू होता, तोही चालला.

दिवा जास्त खाली आला का? वर घेतला. पाणी बदललं, नेहमीसारखं मीठ मोजून. काही फरक नाही. दिवसभर कामावर लक्ष नव्हतं, दुसऱ्या अंकाचा पडदा मी अर्धं वाक्य आधी टाकला. नटानं विंगेत येऊन शिव्या घातल्या. मी उलट चार घातल्या.

२२ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

सकाळी काच पुसायच्या औषधाची मोरीतली बाटली पुढे आलेली दिसली. मी ती कधीच वापरत नाही. डोक्यात एकदम प्रकाश पडला. गेल्या दोन्ही रविवारी काच कोणी पुसली? टाकी कुणाला घालवायची आहे? भावजी दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच बाटली त्यांच्यासमोर धरली.

'हे काय आहे वहिनी?'

'तुम्हीच सांगा. काय फवारलंत पाण्यात?'

'मी? मी ओल्या फडक्यानं पुसली, बाहेरून. ही बाटली मी घेतली होती, वास आला म्हणून परत ठेवली.'

मग मी सुटलेच. म्हणाले, तुम्हाला पहिल्यापासून ही टाकी डोळ्यांत सलते. लहानपणापासून दादाचं जे जे चांगलं ते तुम्हाला मोडावंसं वाटतं. (हे कुठून आणलं मी? सासूबाई एकदा कधीतरी काहीतरी म्हणाल्या होत्या.) म्हणाले, नवऱ्याला उभं करायला मी जिवाचं रान करतेय आणि तुम्ही विष कालवताय. विष हा शब्द वापरला मी. भावजींचा चेहरा पांढरा पडला. ते पलंगाकडे वळले. 'दादा, तू तरी सांग हिला. मी असं करेन का?'

दादा गप्प. छताकडे बघत.

भावजींनी खिशातून आमच्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि गेले. जिन्यात त्यांची पावलं मध्येच थांबली होती, ऐकू आलं मला. मग पुन्हा खाली गेली.

मी बरोबरच केलं. ह्याच्या गप्प बसण्यावरूनच कळतं. ह्यालाही तोच संशय असणार.

२३ मार्च

किल्ली अजून टेबलावर आहे. कुणी हात लावत नाही.

२५ मार्च

बटणं गेली. सगळी. चिखलासारखी गळून पडली. भावजी येत नाहीत, औषध नाही, काही नाही, तरी मरतंय! मी ह्याच्यावर ओरडले. तुझी टाकी मरतेय आणि तू भिंतीकडे बघतोस! उठ, सांग काय करायचं! एवढी वर्षं लोक तुला विचारायला यायचे! हा म्हणाला, 'तू कामावर जा, उशीर होईल.' मी दार इतकं जोरात आपटलं की शेजारीण बाहेर आली.

व्यायामाची बाई आज म्हणाली, ते माझ्याशीही बोलत नाहीत हल्ली.

२७ मार्च

पडदेवाल्यांचा नियम आहे, पंधरा दिवसांनी कप्पी उतरवून पुसायची, चालत असली तरी. बाबांनी लावलेली सवय. म्हणून आज स्टुलावर चढले.

फडकं हिरवं झालं. मला आधी शेवाळ वाटलं. पुन्हा पुसलं, पुन्हा हिरवं. बाबांच्या कप्प्या, आरशासारख्या, त्यांच्यावर हिरवट थर. तिथून लाकडावरून एक ओघळ खाली. चौकटीच्या कडेला थेंब सुकल्याचा डाग, त्याच्याखाली अजून एक लोंबता थेंब. बरोबर पाण्यावर. तो माझ्यासमोर पडला.

खाली उतरले. दिवा बंद करून दोऱ्या सोडल्या, सगळं काढून जमिनीवर ठेवलं. हा झोपला होता. किंवा डोळे मिटून होता.

२८ मार्च

बाटलीत टाकीचं पाणी आणि पुडीत एक कप्पी घेऊन मासेवाल्याकडे गेले. त्यानं पाण्यात कसले तरी थेंब टाकले, रंग बघितला आणि कपाळावर हात मारला. 'ताई, तांबं उतरलंय पाण्यात. हे पितळ कुठे लावलंत?' सांगितलं. 'पाण्याच्या वर! अहो, पितळात तांबंच असतं. माशांचं एक वेळ निभतं, पण प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी, ह्यांना हे विषच.'

विष. त्यानंही तोच शब्द वापरला.

म्हणजे मी मारलं सगळं. भावजींनी नाही. मी. एक चमचा वाळू मोजत, हसत हसत. बाबांच्या कप्प्यांनी. दुकानात उभ्या उभ्या मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं हो. तर तो म्हणाला, 'तुम्हाला कसं असणार? पण साहेबांनी कसं चालवून घेतलं? मागे एक गिऱ्हाईक पितळी नळ बसवायला निघालं होतं टाकीला. साहेब इथेच उभे होते. त्याला असं झापलं, तो माणूस पुन्हा दुकानात आला नाही. त्यांना दुरून पितळ दिसतं ताई.'

मेंदू आजच आणून द्या म्हणाला, त्याच्या टाकीत ठेवतो, जगला तर जगला. नेऊन दिला. मग घरी न जाता बागेत बसून राहिले. दुरून पितळ दिसतं. पलंगापासून टाकी सहा पावलं आहे.

२९ मार्च, रविवार

भावजी आले नाहीत. येतील कशाला? ह्याला विचारायचंय. दोनदा तोंड उघडलं, दोनदा भाजी काय करू विचारलं.

३१ मार्च

विचारलं. सकाळी, चहा देताना.

'कप्प्या बसवल्यास त्याच दिवशी पितळ दिसलं,' म्हणाला.

'आणि भावजींना मी नाही नाही ते बोलले तेव्हा?'

'तेव्हाही माहीत होतं.'

मी कप खाली ठेवला. आता मी ओरडणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तोच आधी बोलला, माझ्याकडे बघून, जानेवारीनंतर पहिल्यांदा. 'तू रोज विचारतेस, आता उठशील ना. मला नाही उठता येत गं. हाताचं नाही म्हणत मी. मलाच नाही उठता येत. टाकी जिवंत होती तोवर तू विचारतच राहिली असतीस.'

खाली मासेवाल्याची गाडी लागली होती. मी त्याला थांबायला सांगितलं आणि आधी भावजींना फोन केला. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. 'या,' एवढंच मी म्हणाले, 'मला एकटीला जमत नाहीये.'